ओटी भरण्याआधी ताट भरावे

हे मासिक ज्ञानेश्वरीचे निरूपण, अभंगांचा अर्थ आणि वारीची माहिती यांसाठी आपल्या घरी येते. त्याच्या पानांत ‘मूल व्हावे म्हणून काय खावे’ असला विषय पाहून काही जुन्या वारकरी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु अन्नाचा विचार परमार्थाबाहेरचा आहे असे आपल्या संप्रदायाने कधी मानलेले नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहार-विहाराचा विषय आला आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असा तेथला अभिप्राय. आणि माउलींनी तो मराठीत पुरता उलगडून ठेवला आहे. आपण त्यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला. दुसरा विसरलो, आणि घरातल्या सुनेच्या बाबतीत तर अगदीच विसरलो.

अँटॉप हिलचेच उदाहरण घेऊ. एकीकडे केंद्र सरकारच्या नोकरमाणसांची वसाहत, दुसरीकडे दाट वस्त्या, एका अंगाला शीव कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला वडाळा. सातारा-सांगलीकडची घाटावरची माणसे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची कोकणी माणसे येथे शेजारी शेजारी राहतात, एकाच भजनात टाळ धरतात. आषाढीला ज्यांना पंढरी गाठता येत नाही ते वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात जातात. मुंबईकर त्याला प्रतिपंढरपूरच म्हणतात. त्या दिवशीच्या लांबच लांब रांगेत लग्नाला दोन-चार वर्षे झालेली, पाळणा न हललेली जोडपीही असतात. देवाजवळ मागणे मागावे, त्यात वावगे काही नाही. नवसाने मुले होतात या समजुतीचा तुकोबांनी कसा समाचार घेतला आहे, हे तर वारकऱ्याला सांगायला नकोच. आम्हाला बोलायचे आहे ते एवढेच, की रांगेतून घरी परतल्यावर त्या जोडप्याच्या ताटात काय असावे.

आपल्याकडे गरोदरपणाचे आणि बाळंतपणाचे खाणे ठरलेले आहे. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, तूपभात मिळतो. माहेरची माणसे जे जे जमेल ते करतात. हे सर्व चांगलेच आहे. पण घर बांधून झाल्यावर पायात दगड घालता येत नाहीत. गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच, सुमारे अठ्ठावीस दिवसांत, बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया घातला जातो. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती तेवढ्या दिवसांत मिटते. नीट मिटली नाही तर मूल जन्मतःच कण्याचे किंवा मेंदूचे व्यंग घेऊन येते. आणि अठ्ठावीस दिवसांत आईला काय ठाऊक असते? पाळी दोनेक आठवडे पुढे गेली आहे, एवढेच. सासूला अजून सांगितलेलेही नसते. तेव्हा त्या दिवसांत बाळाला जे लागते ते आईच्या अंगात आधीच साठवलेले असले पाहिजे. म्हणून ओटी भरण्याआधी ताट भरावे, असे आमचे म्हणणे.

या गोष्टीचा एक धागा आपल्या परळपर्यंत पोहोचतो, आणि तो गिरणगावातल्या लोकांनाही फारसा माहीत नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. त्या वेळी येथल्या गरीब, कष्टकरी बायकांत, विशेषतः गिरणीकामगार बायकांत, गरोदरपणी एक घातक पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार थोड्या, असा तो प्रकार. लूसीबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्याचा शोध चालवला. रोगाचे कारण जंतूत नसून जेवणात आहे असा त्यांचा संशय होता. या बायका जसे निःसत्त्व जेवत तसेच अन्न त्यांनी उंदरांना घालून पाहिले, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो असे त्यांना आढळले. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कात गुणकारी असे नेमके काय आहे, ते त्यांना सांगता येईना. म्हणून जगात त्याला कित्येक वर्षे ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. विल्सबाईंचा घटक तो हाच.

मोठ्या प्रयोगांनी पुढे हेही सिद्ध झाले, की गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर ते कण्याचे व्यंग बहुतांशी टळते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या बायकांना आधी असे मूल झाले होते त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ पाऊणपट खाली आले. आज आपल्या सरकारचाही सल्ला आहे की मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढीशी गोष्ट! ज्यांना आधी व्यंग असलेले मूल झाले आहे, किंवा फिट्सची औषधे चालू आहेत, त्यांना जास्त मात्रा लागते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कोणी म्हणेल, गोळी आहे तर मग पालेभाजी कशाला? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन अभ्यासांत आहे. पहिला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचा. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी बायकांच्या गरोदरपणातल्या जेवणाची त्यांनी बारकाईने नोंद केली. पोटात एकूण अन्न किती गेले यावरून बाळाचे वजन ठरेल, असे कोणालाही वाटावे. तसे दिसले नाही. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळ आणि दूध वरचेवर होते त्यांची बाळे अंगाने भरलेली निघाली. या बायका शेतात राबणाऱ्या होत्या, शहरात बसून खाणाऱ्या नव्हत्या, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा अभ्यास तर मुंबईतल्याच झोपडवस्त्यांतला. सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज ही येथली संस्था आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक यांनी २००६ मध्ये तो सुरू केला. साडेसहा हजार बायकांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ, म्हणजे समोसा, भजी असल्या ओळखीच्या रूपातला. दुसऱ्या गटाला दिसायला तसाच, पण बटाटा-कांद्यासारख्या जिनसांचा. केंद्रावर यायचे, समोर बसून खायचे. आणि हे गर्भ राहण्याच्या आधीपासून. निष्कर्ष २०१४ मध्ये बाहेर आले. सगळ्या बायका मिळून पाहिले तर बाळाच्या वजनात नक्की म्हणावा असा फरक पडला नाही, हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही खाऊची जाहिरात केल्यासारखे होईल. परंतु गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने ज्यांनी खाऊ खाल्ला होता त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. शिवाय गरोदरपणात होणारा मधुमेह दुसऱ्या गटात शंभरात १२ जणींना झाला, तर पालेभाजीच्या गटात ७ जणींना. एका खाऊने एवढे व्हावे, हे थोडे नाही.

त्यातली आणखी एक बाब आम्हाला विचार करायला लावते. अगदी कृश बायकांच्या बाळांना या खाऊचा काहीच लाभ दिसला नाही. अंगाने बऱ्या असलेल्यांच्या बाळांत मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास फरक पडला. याचा आम्ही असा अर्थ घेतो, की जिचे पोटच भरत नाही तिला पालेभाजीची एक भजी पुरत नाही. आलेले अन्न तिचे शरीर आधी स्वतःच्या जगण्यासाठी वापरते. म्हणजे पहिली गोष्ट पोटभर जेवण, आणि मग त्यात काय असावे याचा विचार.

आता आपल्या संप्रदायातल्या घरांविषयी विशेष बोलले पाहिजे. कारण सर्वसाधारण आहाराच्या पुस्तकांत ते सापडणार नाही.

तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटते. हा नियम आहे आणि त्याविषयी आम्हाला काडीचीही शंका नाही. पण कोकणातल्या घरातली मुलगी माळकरी घरात नांदायला येते तेव्हा काय होते ते पाहा. माहेरी बांगडा, बोंबील, निदान सुकट-जवळा रोजच्या जेवणात असे. सासरी आल्यावर ते सारे एका दिवसात बंद होते. बंद झाले ते योग्यच. पण त्या जागी आले काय? बहुतेक घरांत काहीच नाही. भात, पातळ आमटी, बटाट्याची भाजी. मासळीतून तिला प्रथिने मिळत होती, आयोडीन मिळत होते, आणि ब-१२ नावाचे जीवनसत्त्व मिळत होते. हे ब-१२ पालेभाजीत नाही, डाळीत नाही, फळातही नाही. शाकाहारी माणसाला ते मिळते फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून. दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅम लागते, आणि मोठ्या पेलाभर दुधात एकाच्या आसपास असते. चहात पडणाऱ्या चार चमचे दुधाने ही गरज भागत नाही, हे हिशेब न करताही कळेल.

ब-१२ कमी पडले तर पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, आणि गर्भाच्या वाढीलाही ते लागतेच. पुण्याच्या त्याच खेड्यांतल्या मुलांची वयाच्या सहाव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी खूण सर्वांत जास्त आढळली. म्हणजे नुसती फॉलिकची गोळी गिळून ब-१२ कडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही. दुसरेही एक कारण आहे. फॉलिकने रक्त वरवर सुधारते, आणि ब-१२ च्या अभावाने मज्जातंतूंचे होणारे नुकसान मात्र आत चालूच राहते. यास्तव माळकरी घरातल्या स्त्रीने गोळी सुरू करतानाच रक्तातले ब-१२ तपासून घ्यावे. कमी निघाल्यास डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील. ‘औषधात मांस तर नाही ना?’ अशी शंका काही मंडळी काढतात, आणि ती रास्त आहे. बाजारातले ब-१२ सूक्ष्मजंतूंकडून आंबवण्याच्या रीतीने तयार होते, मांसातून नव्हे. तथापि, कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते. तेव्हा औषधवाल्याकडे कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी. एवढे विचारायला संकोच कसला?

आणि दूध-दही आपल्याला परके आहे का? कीर्तनाच्या सप्त्याचा शेवट काल्याने होतो, आणि काला दह्यावाचून होत नाही. तो वाटीभर काला सुनेच्या ताटात रोज पडला तर पुरेल. आज बहुतेक घरांत दुधाची पिशवी येते ती मुलांना, म्हाताऱ्यांना आणि चहाला वाटून संपते. सुनेच्या वाट्याला सायीचे पातेले घासणे येते.

आता उपवासाकडे वळू. एकादशी हे वारकऱ्याचे व्रत आहे. ती सोडा असे आम्ही सांगणार नाही, आणि आमचे कोणी ऐकणारही नाही. महिन्यातून दोन एकादश्यांनी निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. बिघडते ते निराळ्याच मार्गाने. मूल होत नाही म्हणून कोणी सोळा सोमवार सांगते, कोणी संकष्टी, कोणी गुरुवार. दोन एकादश्या, चार सोमवार, चार गुरुवार आणि एक संकष्टी मिळून महिन्यात अकरा दिवस झाले. त्यातले निम्मे दिवस ती बाई चहा आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढते. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा निव्वळ पिष्ट. खिचडीत सत्त्व असलेच तर ते दाण्याच्या कुटाचे. ज्या देहात मूल यावे अशी प्रार्थना करायची त्याच देहाला महिन्यातून अकरा दिवस उपाशी ठेवायचे, हा कोणता न्याय? वारकऱ्याने आपले एकादशीचे व्रत सांभाळावे. बाकीचे उपवास अपत्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीवर लादू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच हे बोलून दाखवावे. सुनेने स्वतःहून उपवास सोडला तर पुढे काहीही बिघडले की बोल तिलाच लागतो.

एकादशीला फराळ करायचाच, तर तो राजगिऱ्याचा करावा. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, दही, रताळे, केळे, खजूर. या पंक्तीत साबुदाणा सर्वांत हलका. उपवासाला सैंधव वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की साध्या सैंधवात आयोडीन घातलेले नसते. म्हणून एरवीच्या दिवशी आयोडीनयुक्त मीठच वापरावे. मासळी सोडलेल्या घरात तर ते हवेच.

रोजचे जेवण कसे असावे, हे आम्ही तोळ्या-माशांत सांगणार नाही. आपल्या आजीला जे ठाऊक होते त्यातलेच बरेचसे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, अधूनमधून नाचणीची. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. दोन्ही वेळेला डाळ किंवा उसळ. मटकी, मूग, चवळी यांना मोड आणले की त्यातले लोह अंगी लागायला सोपे जाते. झुणका तर आपला घरचाच. हरभऱ्यात फॉलिकही चांगले असते. दिवसातून एकदा तरी हिरवी पालेभाजी: मेथी, पालक, माठ, चवळई, शेपू, करडई, अंबाडी, पावसाळ्यात टाकळा. शेवग्याचा पाला मिळाला तर सोन्याहून पिवळे. पालेभाजी शिजवून पाणी ओतून देऊ नये आणि फार वेळ रटरटवू नये, कारण फॉलिक पाण्यात उतरते आणि उष्णतेने जाते. एक सावधगिरी मुंबईपुरती: रेल्वेच्या रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर भाजी पिकते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि विकणाऱ्याच्या टोपलीवर ती कुठली ते लिहिलेले नसते. म्हणून भाजी दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवावी आणि शिजवूनच खावी. ताटात लिंबाची फोड असावी, नाहीतर आवळा, पेरू यांतले काही. आंबट फळातल्या क जीवनसत्त्वाने भाजी-डाळीतले लोह शोषले जाते. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये. तो लोह अडवतो. जेवणानंतर तासभर तरी थांबावे.

लोहाचा एवढा आग्रह का, असे वाटेल. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शंभरात ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. निम्म्याहून अधिक! सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात, २०१८ पासून, गरोदर नसलेल्या बायकांसाठीही आठवड्याला एक लोह-फॉलिकची लाल गोळी ठरवून दिली आहे. जवळच्या महापालिका दवाखान्यात तिची चौकशी करावी.

वजनाविषयी थोडे. फार बारीक अंगाच्या बाईची पाळी चुकते, तशी फार लठ्ठ बाईचीही. दोन्हीत बीज वेळेवर तयार होत नाही. आपल्या वस्त्यांत आता दुसरा प्रकारही पुष्कळ दिसतो. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, संध्याकाळी पुन्हा चहा. पोट भरते, वजन वाढते, आणि रक्त मात्र कमीच. वजन जास्त असलेल्या स्त्रीचे ते शंभराला पाच-दहाने जरी उतरले, तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. त्यासाठी उपाशी राहायचे नाही. तळलेले, मैद्याचे आणि साखरेचे कमी करायचे आणि चालायचे. चालणे वारकऱ्याला शिकवायला नको.

ज्यांना पायी वारी करायची आहे त्यांच्यासाठी: निरोगी बाईला चालण्याने अपाय नाही, पण वाटेवर दिवसचे दिवस चहा-बिस्किटांवर काढण्याने आहे. पिशवीत फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याची वडी ठेवावी, पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेलेच प्यावे, आणि फॉलिकची गोळी वाटेवरही चुकवू नये. पाळी चुकली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

इथपर्यंत वाचून पुरुष मंडळी निश्चिंत झाली असतील. तसे होऊ नये. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचेही काही कारण असते. तरी ओटी भरण्याच्या वेळी बाजूला बसवतात ती बाईला. नवऱ्याला कोणी पखवाजावरून उठवल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पुरुषाचे बीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून बायकोने तीन महिने आधी ताट सुधारायचे, तसे नवऱ्यानेही. तंबाखू, गुटखा, विडी, दारू यांनी बीज बिघडते. माळ घालून दारू सोडली आणि तंबाखूची डबी तेवढी कनवटीला ठेवली, असे माळकरी आपल्यात थोडे नाहीत. बायकांची मिश्री म्हणजेही भाजलेला तंबाखूच. दातांना लावली म्हणून ती अंगात जात नाही असे नाही.

आणि जेवणाचा क्रम. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीतही तो गावासारखाच आहे: आधी पुरुष, मग मुले, मग सासू, शेवटी सून. तिच्यापर्यंत भाकरी पोहोचते, पण उसळ तळाला गेलेली असते आणि दही संपलेले असते. ती तक्रार करत नाही. विचारले तर ‘मला भूकच नव्हती’ म्हणते, आणि आपण तेवढ्यावर विश्वास ठेवतो. वारीत दिंडीची पंगत बसते तेव्हा सगळ्यांना एकदम वाढतात आणि वाढून झाल्याशिवाय घासाला हात घालत नाहीत. घरातही चारजणांनी एकाच वेळी बसायला काही खर्च येत नाही. ते जमत नसेल, तर सुनेचा वाटा आधी काढून झाकून ठेवावा, आणि हे काम सासूने करावे.

चांगले जेवून मूल होईलच असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. ‘मुलगाच होईल’ असे सांगून चूर्ण विकणाऱ्यांपासून तर दुप्पट. मुलगा की मुलगी हे गर्भापूर्वी वा गर्भात ठरवण्याचा-निवडण्याचा धंदा कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाही, किंवा बाईचे वय पस्तिशीपुढचे असून सहा महिने झाले, तर देवऋषीकडे न जाता डॉक्टरांकडे जावे. दोघांनीही. अँटॉप हिलकरांना त्यासाठी लांब जायला नको. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे, परळला वाडिया प्रसूतिगृह आहे, के.ई.एम. आहे. याच के.ई.एम.मध्ये १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नाने प्रयोगशाळेत फलन झालेली मुलगी जन्माला आली, हे अनेकांना आठवत असेल.

जाताना हिमोग्लोबिन, ब-१२, थायरॉइड आणि साखर या तपासण्यांविषयी विचारावे, आणि पुरुषाची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्यावी. ती सोपी असते, आणि ती राहिली म्हणून बायकांच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या आहेत. बाह्यरुग्ण विभाग सकाळचे असतात, तेव्हा नवऱ्याने कामावरून अर्ध्या दिवसाची रजा आधीच सांगून ठेवावी. डब्यात भाकरी, उसळ आणि ताक घेऊन जावे. रांगेत दुपार होते.